मराठवाड्याची आर्थिक जडणघडण : वालूर-सेलू परिसराच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाची मांडणी करताना मराठवाडा हा विभाग बहुधा 'मागासलेपणा' या एका शब्दात बसविला जातो. या मागासलेपणाची दोन कारणे सर्वसाधारणपणे सांगितली जातात. पहिले कारण निसर्गाचे, म्हणजे अपुरा व बेभरवशाचा पाऊस. दुसरे कारण राजवटीचे, म्हणजे निजामाची सव्वादोनशे वर्षांची सत्ता. दोन्ही कारणांत तथ्य आहे, यात शंका नाही. परंतु केवळ पाऊस हेच कारण मानले, तर ज्या पट्ट्यात याहूनही कमी पाऊस पडतो तो सोलापूर-अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) पट्टा साखर आणि सहकारात पुढे कसा गेला, याचे उत्तर मिळत नाही. केवळ निजामी राजवट हेच कारण मानले, तर १९४८ नंतरच्या पाऊणशे वर्षांचा हिशोब लागत नाही.

प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील सेलू तालुका आणि त्यातील वालूर हे गाव यांच्या आधारे या प्रश्नाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मध्ययुगीन बारवा जपून ठेवणारे वालूर आणि कापसाच्या बाजारपेठेमुळे व रेल्वे स्थानकामुळे वाढलेले सेलू ही एकाच परिसरातील दोन गावे मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासातील दोन वेगवेगळ्या अवस्थांची साक्ष देतात. या परिसराने गेल्या दीडशे वर्षांत हैदराबाद संस्थान, द्विभाषिक मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी तीन राज्ये पाहिली. प्रत्येक सत्तांतराने येथील जनतेची एखादी जुनी बेडी निश्चितच तोडली. तथापि कच्चा माल बाहेर जाणे आणि पाणी, वाहतूक व बाजारभाव यांविषयीचे निर्णय बाहेरून येणे, हा मूळ संबंध मात्र टिकून राहिला. मागासलेपणाचे मूळ या संबंधात शोधले पाहिजे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

परभणी जिल्हा गोदावरीच्या मध्य खोऱ्यात वसलेला आहे. उत्तरेस अजिंठ्याच्या रांगेचे फाटे जिंतूर परिसरात उतरतात, तर दक्षिणेस गंगाखेडच्या बाजूने बालाघाटची रांग सुरू होते. या दोहोंच्या मधला सखल प्रदेश गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांनी घडविला आहे. दुधना नदी सेलू तालुक्यातून वाहत पुढे पूर्णेस मिळते आणि पूर्णा गोदावरीस मिळते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर परभणी जिल्ह्यात परभणी, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा असे नऊ तालुके राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ इतकी होती.

या भूमीचे दोन गुणधर्म आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे येथील काळी कसदार माती. ही माती ओल दीर्घकाळ धरून ठेवते. त्यामुळे पावसाळ्यानंतर केवळ जमिनीतील ओलीवर रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा ही पिके येतात आणि खरिपात कापूस तग धरतो. दुसरा गुणधर्म मातीखालच्या खडकाचा आहे. संपूर्ण मराठवाड्याप्रमाणे येथेही खाली बेसॉल्टचा थर आहे. हा खडक सलग व कठीण असल्याने पाणी फक्त त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. गाळाच्या मैदानांप्रमाणे येथे भूजलाचा अथांग साठा नाही. पावसाळ्यात विहीर भरते आणि उन्हाळ्यात तळ गाठते. थोडक्यात, माती उदार आणि खडक कृपण अशी या प्रदेशाची रचना आहे. अशा ठिकाणी शेती फुलवायची असेल तर पडलेले पाणी त्याच शिवारात अडविणे व जपून वापरणे अपरिहार्य ठरते. ही जाणीव आधुनिक जलतज्ज्ञांच्या कितीतरी आधी येथील समाजाला होती.

बारवांची साक्ष

या प्रदेशाचा ज्ञात इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो. त्यांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, गोदावरीच्या काठीच होती. देवगिरीच्या यादवांच्या काळात हा प्रदेश त्यांच्या राज्याचा गाभा होता. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील मंदिरे व दीपस्तंभ त्या काळातील समृद्धीची कल्पना देतात. याच परंपरेतील बारवा परभणी जिल्ह्यात अनेक ठिकाणी आढळतात. त्यांत वालूर येथील चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची बारव तिच्या वैशिष्ट्यपूर्ण रचनेमुळे विशेष लक्षणीय आहे. बहुसंख्य बारवांत पायऱ्या एका, दोन किंवा चार बाजूंनी सरळ उतरतात. येथे मात्र पायऱ्यांची वळणे उतरणाऱ्यास पाण्याभोवती फिरवीत खाली नेतात. गाळाने व कचऱ्याने बुजलेल्या येथील बारवा अलीकडच्या वर्षांत ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन मोकळ्या केल्या, ही बाब महाराष्ट्रातील बारव संवर्धनाच्या कार्यात उल्लेखनीय ठरली.

स्थापत्याच्या अभ्यासकांनी बारवांचे सौंदर्य पुरेसे वर्णिले आहे. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांतून वेगळी माहिती मिळते. बेसॉल्टच्या प्रदेशात पाण्याची पातळी ऋतूनुसार वर-खाली होते. पायऱ्यांमुळे पातळी कितीही खाली गेली तरी माणसाला पाण्यापर्यंत पोचता येते. तसेच किती पायऱ्या उघड्या पडल्या यावरून पाणी किती उरले, हे साऱ्या गावाला दिसत राहते. म्हणजेच बारव ही पाण्याची साठवण तर होतीच, शिवाय ती पाण्याचा सर्वांना वाचता येणारा हिशोबही होती. ती बांधण्यास राजा, सरदार अथवा श्रीमंत व्यापारी यांचे द्रव्य लागे. परंतु तिचा गाळ काढणे, तिची मर्यादा राखणे ही कामे गावाची असत. पाण्याचा निर्णय आणि पाण्याचा वापर हे दोन्ही एकाच ठिकाणी होते.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. गावगाड्यातील जातिव्यवस्थेने पाण्यावरही कठोर बंधने लादली होती आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्यांपासून दूर ठेवले होते. गावाच्या हाती असलेला निर्णय हा साऱ्या गावाचा निर्णय नव्हता. तंत्र स्थानिक होते, न्याय मात्र नव्हता. स्थानिक जलव्यवस्थेचा आज विचार करताना हे दोन्ही पैलू एकत्र ध्यानात घेणे आवश्यक आहे.

सीमेवरचा प्रदेश : मध्ययुग ते आसफजाही

यादवांच्या अस्तानंतर हा प्रदेश क्रमाने दिल्लीच्या सुलतानांकडे व १३४७ नंतर बहमनी सत्तेकडे गेला. बहमनी राज्याची शकले झाल्यावर सेलूच्या दक्षिणेस असलेले पाथरी हे अहमदनगरची निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यातील संघर्षाचे कारण बनले. निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. या नात्यामुळेच बुऱ्हाण निजामशहाने पाथरीसाठी आग्रह धरला आणि अखेर ते जिंकून घेतले. पुढे मोगलांच्या काळात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, म्हणजे महसुली विभाग, होते. 'आईन-इ-अकबरी'त त्याची नोंद आहे.

१७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत विजय मिळवून निजामुल्मुल्क आसफजहा दक्षिणेत स्वतंत्रपणे स्थिर झाला. परंतु १७१९ च्या मोगल सनदांनुसार दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क मराठ्यांना मिळालेला होता. परिणामी अठराव्या शतकात येथील रयतेने एकाच पिकावर दोन सत्तांचा भार वाहिला. उदगीर (१७६०), राक्षसभुवन (१७६३) व खर्डा (१७९५) या लढायांची रणभूमी मराठवाड्यात किंवा त्याच्या सीमेवरच होती. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत या लढायांचे विजय-पराजय येतात. ज्यांच्या शिवारांतून फौजा गेल्या, त्या गावांच्या उजाडलेल्या पिकांची नोंद त्यांत येत नाही. सीमेवरचा प्रदेश हा दोन्ही सत्तांना महसुलासाठी हवा असतो, परंतु तेथे भांडवल गुंतविण्यास दोन्ही सत्ता कचरतात. मराठवाड्याच्या पुढील वाटचालीची ही पार्श्वभूमी आहे.

कापूस आणि लोहमार्ग

हैदराबादचे दिवाण पहिले सर सालारजंग (कार्यकाल १८५३ ते १८८३) यांनी महसुलाची मक्तेदारी पद्धत मोडून काढली आणि १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी अमलात आणली. तालुका, जिल्हा व सुभा अशी आधुनिक प्रशासनाची रचना येथे तेव्हापासून रूढ झाली. याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) ब्रिटिश गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाचे भाव अभूतपूर्व वाढले. १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला शेजारचा वऱ्हाड त्या लाटेवर स्वार झाला. तेथे मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ पर्यंत पोचला होता. मराठवाड्याची माती वऱ्हाडासारखीच होती, परंतु लोहमार्ग नव्हता. माती तीच असूनही केवळ राज्याची सीमा बदलल्याने बाजारपेठ किती दूर जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज लोहमार्ग, म्हणजेच हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, १९००-१९०१ च्या सुमारास पूर्ण झाला. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड ही स्थानके या मार्गावर आली. तो काळ १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाचा होता, हाही योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. या मार्गाने धान्य आत येऊ शकले, हा त्याचा लाभ नाकारता येत नाही. परंतु त्याचा दूरगामी परिणाम पीकपद्धतीवर झाला. मनमाड येथे हा मार्ग मुंबईकडे जाणाऱ्या ब्रॉडगेज मार्गास मिळत असे, म्हणून कापसाची दिशा मुंबईकडे निश्चित झाली. स्थानकाच्या गावी सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने, आडत दुकाने आणि सावकारी पेढ्या आल्या. सेलू व मानवत या बाजारपेठांची वाढ या प्रक्रियेतून झाली. लोहमार्गापासून दूर असलेली वालूरसारखी जुनी गावे मात्र बैलगाडीने माल आणून देणारी गावे बनली.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. सरकी काढणे व गठाण बांधणे ही मालावरची पहिली व सर्वांत कमी मोबदल्याची प्रक्रिया होय. सूतकताई व विणकाम या अधिक मोलाच्या प्रक्रिया येथे रुजल्या नाहीत. संस्थानातील मोजक्या कापडगिरण्या हैदराबाद, गुलबर्गा, औरंगाबाद व नांदेड येथे होत्या. त्यांतील नांदेडची उस्मानशाही गिरणीही पुढे बंद पडली. मराठवाड्याच्या कापसाचा मोठा भाग मुंबईच्या गिरण्यांत व तेथून परदेशांत जात राहिला. शिवाय संस्थानचे स्वतंत्र चलन (हाली सिक्का) आणि करोडगिरी, म्हणजे सीमाशुल्क, खाते यांमुळे शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव आणखी घटत असे. हाली व ब्रिटिश रुपयाच्या दरातील फरक व्यापाऱ्याला कळे, शेतकऱ्याला कळत नसे.

निजाम सरकारने शेतीसंशोधनाकडे सर्वस्वी दुर्लक्ष केले असे म्हणणे न्याय्य होणार नाही. परभणी येथे १९१८ साली प्रायोगिक शेतीक्षेत्र सुरू झाले आणि गावरानी कापसाच्या सुधारणेचे काम तेथे झाले. याच पायावर १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण आणि 'नांदेड-४४' हा कापसाचा संकरित वाण यांनी या विद्यापीठाचे नाव महाराष्ट्राबाहेर नेले. ज्ञाननिर्मितीच्या क्षेत्रात हा प्रदेश मागे नव्हता, असे यावरून दिसते. उणीव होती ती त्या ज्ञानाला सिंचन, पतपुरवठा व प्रक्रिया उद्योग यांची जोड देण्यात.

भाषा, शिक्षण आणि मुक्तिसंग्राम

आर्थिक दुर्बलतेचा दुसरा पैलू भाषिक होता. एकूण १६ जिल्ह्यांच्या हैदराबाद संस्थानात ८ जिल्हे तेलुगू, ५ मराठी व ३ कन्नड भाषिक होते. १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग मोलाचा होता, परंतु मराठी शेतकऱ्याच्या मुलासाठी मात्र ती परकी भाषाच होती. जमिनीचा कागद, न्यायालयाचा निवाडा आणि सावकाराचा दस्तऐवज ज्याला वाचता येत नाही, त्याचे आर्थिक हक्क कागदावरच राहतात.

म्हणूनच मराठवाड्यातील राजकीय जागृतीची सुरुवात भाषा व शिक्षण यांच्या प्रश्नांतून झाली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे भरले. हे गाव सेलूचे शेजारी असून तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाल्यावर ते त्या जिल्ह्यात गेले. पुढे स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम लढला गेला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात आले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. हाली सिक्का व करोडगिरी यथावकाश इतिहासजमा झाली. या बदलांचे मोल अनन्यसाधारण आहे.

महाराष्ट्रातील वाटचाल

२८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात मराठवाडा व विदर्भ यांना विकासाचा खर्च, शिक्षण व नोकऱ्या यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा, हे तत्त्व मान्य करण्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (२) मध्ये विकास मंडळांची तरतूद केली. प्रत्यक्ष मंडळे मात्र १९९४ मध्ये अस्तित्वात आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. तरतूद व अंमलबजावणी यांत अडतीस वर्षांचे अंतर पडले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

दरम्यान १९७२ च्या दुष्काळाने विभागाचे दुखणे उघडे केले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाची ठिणगी तत्कालीन परभणी जिल्ह्यातील वसमत येथील गोळीबाराने पेटली. या दुष्काळातून आकारास आलेला रोजगार हमीचा कायदा (१९७७) ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी होय. १९८३ मध्ये नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा २३.५६ टक्के होता. १९८१ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत या विभागाचा वाटा सुमारे साडेपंधरा टक्के होता, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ स्पष्ट होतो. पुढे डॉ. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा पुन्हा विस्ताराने विचार केला.

कापसाच्या बाबतीत राज्याने १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. व्यापाऱ्याच्या मनमानीतून शेतकऱ्याची सुटका करण्याचा तिचा हेतू प्रामाणिक होता. परंतु भाव ठरविण्याचा अधिकार आडत्याच्या पेढीतून मंत्रालयात गेला, तो शेतकऱ्याच्या गावात आला नाही. या शतकाच्या आरंभी ही योजना संपुष्टात आली. २००२ पासून बीटी कापूस आला. त्यानंतर सोयाबीनचे क्षेत्र झपाट्याने वाढले आणि ज्वारी, करडई यांचे क्षेत्र घटले. पीक बदलले तरी कच्चा माल विकून पक्का माल विकत घेण्याची रीत बदलली नाही.

पाण्याचा प्रश्न

गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. २,९०९ दशलक्ष घनमीटर साठ्याचा व २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचा हा प्रकल्प परभणी जिल्ह्याच्या पाथरी, मानवत, परभणी या भागांना वरदान ठरणार होता. त्याआधी १९६० च्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे झाली होती. या प्रकल्पांनी जिल्ह्यात ऊस व गहू आणला, हे खरे आहे. परंतु जायकवाडीच्या वरच्या अंगास नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणांची साखळी उभी राहिल्याने कमी पावसाच्या वर्षी पाणी खाली येईनासे झाले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले. प्राधिकरणाच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असल्यास वरून पाणी सोडण्याची पद्धत घालून दिली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती मान्य केली. न्यायासाठी कायदा आणि न्यायालय यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

सेलू तालुक्याला अधिक जवळचा प्रकल्प म्हणजे ब्रह्मवाकडीजवळचा निम्न दुधना. त्यास मान्यता मिळाली ती विसाव्या शतकात, परंतु पाणीसाठा होण्यास नव्या शतकाची वाट पाहावी लागली. २०१६ मध्येही तो देशातील ९९ रखडलेल्या प्राधान्य सिंचन प्रकल्पांच्या यादीत होता.

याच काळात गावपातळीवर दुसरा बदल घडला. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचा, म्हणजे बोअरवेलचा, प्रसार झाला. पिण्याच्या पाण्याची तातडीची गरज त्यांनी भागविली. बारवा व आड यांचा वापर मात्र सुटला आणि वापर सुटताच गाळ काढणेही सुटले. बेसॉल्टमधील मर्यादित साठा खोलवरून उपसला जाऊ लागला. बारवेच्या पायऱ्यांवर दिसणारा पाण्याचा हिशोब बोअरच्या नळीत दिसेनासा झाला. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने गावातच पाणी अडविण्याच्या विचाराला पुन्हा गती दिली. त्याच्या यशापयशाविषयी मतभेद असले, तरी ती दिशा या भूमीच्या रचनेशी सुसंगत होती, असेच म्हणावे लागेल.

लोहमार्गाचा दुसरा प्रवास

१९०१ च्या लोहमार्गाकडे पुन्हा वळणे येथे उचित ठरेल. तो ब्रॉडगेज झाला १९९० च्या दशकात. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या टप्प्याच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली २०२५ मध्ये, म्हणजे मार्ग सुरू झाल्यावर सव्वाशे वर्षांनी. दरम्यान या मार्गावरून जाणाऱ्या गोष्टीत महत्त्वाची भर पडली. पूर्वी सेलूच्या फलाटावरून कापसाच्या गठाणी मुंबईला जात. आज कापसासोबत माणसेही जातात. पुणे, मुंबई व संभाजीनगरच्या कारखान्यांत, बांधकामांवर आणि शिक्षणासाठी जाणारा तरुण हा या प्रदेशाचा नवा 'कच्चा माल' ठरला आहे. त्याला घडविण्याचा खर्च येथील शेती उचलते आणि त्याच्या श्रमाचे मोल अन्यत्र निर्माण होते. ऊसतोडीसाठी जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून होणारे हंगामी स्थलांतर हा याच प्रक्रियेचा अधिक वेदनादायी भाग होय.

समारोप व निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) मराठवाड्याच्या मागासलेपणाचे कारण पावसात किंवा एखाद्या राजवटीत एकट्याने सापडत नाही. कच्चा माल बाहेर पाठविणारा व निर्णय बाहेरून स्वीकारणारा प्रदेश, हे स्थान त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले आणि पुढील राज्यांनीही ते पुरेसे बदलले नाही.

२) राजकीय मुक्ती ही आर्थिक विकासाची आवश्यक अट होती. १९४८, १९५६ व १९६० या टप्प्यांनी ती पूर्ण केली. मात्र ती पुरेशी अट नव्हती. करार व घटनेतील तरतूद यांचे प्रत्यक्षात रूपांतर होण्यास लागलेला विलंब हाच अनुशेषाचा एक मोठा घटक आहे.

३) मोठे सिंचन प्रकल्प आवश्यक असले तरी खोऱ्याच्या खालच्या टोकाला असलेल्या प्रदेशाला त्यांच्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही. बेसॉल्टच्या भूमीत गावपातळीवरील जलसंधारणाला पर्याय नाही. वालूरच्या बारवा हे त्याचे ऐतिहासिक प्रमाण आहे. तथापि नवी स्थानिक व्यवस्था जुन्या विषमतेपासून मुक्त असली पाहिजे.

४) कापूस व सोयाबीन यांवरील प्रक्रिया जिल्ह्यातच होणे, हा शेतमालाच्या हमीभावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

शेवटी एक मुद्दा महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने मांडणे आवश्यक वाटते. या प्रदेशाच्या इतिहासाची साधने मोडी, फारसी व उर्दू या लिप्यांत आणि फसली सनात आहेत. फसली सनात सुमारे ५९० मिळविल्यावर इसवी सन मिळतो, एवढी साधी गोष्टही आपल्या पदवीच्या विद्यार्थ्याला ठाऊक नसते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरांचा शोध सुरू केला, तेव्हा खासरा पत्रके, पाहणी पत्रके व कुळ नोंदवह्या वाचू शकणाऱ्या जाणकारांची गरज सर्वांनाच जाणवली. ज्या कागदांकडे आपण इतिहासाचे साधन म्हणून पाहिले नाही, ते लक्षावधी लोकांच्या वर्तमानाचे साधन ठरले. हीच दप्तरे पिके, सारा, कर्ज व पाणी यांच्याविषयीही बोलतात. ती वाचणारी पिढी प्रत्येक तालुक्यातील महाविद्यालयाने तयार केली नाही, तर मराठवाड्याचा आर्थिक इतिहास यापुढेही अहवालांतील आकड्यांपुरताच राहील. वालूरच्या ग्रामस्थांनी बारवेतील गाळ स्वतःच्या हातांनी काढला. दप्तरावरची धूळ झटकण्याचे काम मात्र आपल्यासारख्या अध्यापकांचे आहे आणि त्यासाठी कोणत्याही दूरच्या निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.